रेषेवरचा आकडा कुठे लिहावा

समपर्जन्य रेषा, म्हणजे सारखा पाऊस झालेली ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, काढायला आता फारसे कष्ट पडत नाहीत. पावसाची नोंद संगणकाला दिली, दोन-चार आज्ञा लिहिल्या की रेषा तयार. त्या रेषांवर आकडे बसवायला मात्र वेळ लागतो. कोणत्या रेषेला आकडा द्यायचा, तो रेषेच्या कोणत्या ठिकाणी ठेवायचा, एकाच रेषेवर तो किती वेळा लिहायचा, या प्रश्नांत माझा एक अख्खा हिवाळा गेला. पण पावसाचा नकाशा म्हणजे नक्की काय, हे मला या कामातच नीट उमगलं, म्हणून ते सविस्तर सांगते.

मी लातूरला भूगोल शिकवते. सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस मराठवाड्यात जो पाऊस झाला त्याचा नकाशा मला करायचा होता. ‘गुलाब’ चक्रीवादळ २६ सप्टेंबरला आंध्रच्या किनाऱ्यावर कलिंगपट्टणमजवळ धडकलं, जमिनीवर आल्यावर विरत गेलं आणि त्याचा उरलेला भाग आपल्याकडे सरकला. पुढे तोच अरबी समुद्रात उतरला आणि त्याचं ‘शाहीन’ झालं. वाटेत तो जे ओतून गेला त्यात मांजरा आणि तेरणाकाठची काढणीला आलेली सोयाबीन गेली. मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले. त्यानंतरचे काही आठवडे आमच्याकडे ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न होता, “आमच्या मंडळात पासष्ट झाला का?”

हा पासष्टचा आकडा मराठवाड्यात शाळेतल्या पोरालाही पाठ असतो. चोवीस तासांत महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला की ती अतिवृष्टी, आणि पंचनाम्याची भाषा तिथून सुरू होते. हवामान खात्याच्या वर्गवारीत ‘जोरदार’ पाऊस ६४.५ पासून ११५.५ मिलिमीटरपर्यंत, ‘अति जोरदार’ ११५.६ पासून २०४.४ पर्यंत, आणि त्यापुढचा ‘अत्यंत जोरदार’. म्हणजे या नकाशावर काही ठरावीक रेषाच महत्त्वाच्या होत्या, आणि त्यांच्यावरचा आकडा वाचणाऱ्याला पहिल्या नजरेत सापडायला हवा होता. सरकारी निर्णय मंडळाच्या पर्जन्यमापकावर होतो, माझ्या नकाशावर होत नाही, हे मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. मला दाखवायचं होतं ते पावसाचं पसरणं. तो कुठून कुठे दाटला, कुठे एकदम तुटला.

सुरुवात मी हवामान खात्याच्या चौकोनी जाळीच्या विदेपासून (डेटापासून) केली. पाव अंश अक्षांश आणि पाव अंश रेखांशाचा एकेक चौकोन, १९०१ पासूनची रोजची नोंद, देशभरच्या सुमारे ७ हजार पर्जन्यमापकांवरून तयार केलेली. ती फाइल ग्रॅड्स या हवामानाचे नकाशे काढणाऱ्या प्रणालीत सरळ उघडते, आणि हवामानशास्त्र शिकणाऱ्या मुलांच्या हाताला ग्रॅड्सच आधी लागतं, म्हणून मीही तेच घेतलं. तारखेची एक गोष्ट आधीच ध्यानात ठेवावी लागते. पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि तो मागच्या चोवीस तासांचा असतो. २८ सप्टेंबरचा आकडा म्हणजे २७ च्या सकाळपासून २८ च्या सकाळपर्यंतचा पाऊस. ‘अठ्ठावीसला दिवसभर’ पडलेलं पाणी एकोणतीसच्या खात्यात जातं. हे नकाशाच्या माथ्यावर लिहिलं नाही तर लोक वेगळ्याच दिवसाशी ताळा मांडत बसतात.

पहिला नकाशा पडद्यावर आला तेव्हा रेषा होत्या २०, ४०, ६०, ८० अशा. प्रणाली आपल्या मनाने सारख्या अंतराच्या पातळ्या निवडते. आमच्या कामाचा ६५ त्यात कुठेच नव्हता. ‘सेट सी-लेव्ज’ ही आज्ञा देऊन पातळ्या हाताने सांगितल्या: १५, ३५, ६५, ९०, ११५, २०५. पण यामुळे आकड्यांवरची जबाबदारी वाढली. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ५० हजारास एक या प्रमाणाच्या स्थलदर्शक नकाशात समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची रेषा, दर २० मीटरला असते आणि दर १०० मीटरची रेषा जाड असते. एका जाड रेषेचा आकडा वाचला की बाकीच्या बोटांनी मोजता येतात. माझ्या पातळ्यांमधलं अंतर मात्र कुठे २०, कुठे ३०, कुठे २५, कुठे ९०. मोजून पुढची रेषा ओळखता येणार नाही. दोन रेषा जवळ आल्या म्हणजे पाऊस झपाट्याने बदलला असंही छातीठोक म्हणता येत नाही. अशा नकाशात आकडा नसलेली रेषा वाचणाऱ्याच्या काहीच उपयोगाची नसते.

ग्रॅड्समध्ये आकड्यांसाठी ‘सेट सी-लॅब’ आहे. ‘ऑन’ म्हटलं की प्रणाली तिला जमेल तिथे आकडे टाकते, ‘फोर्स्ड’ म्हटलं की सगळ्या रेषांना आकडा देण्याचा प्रयत्न करते, ‘ऑफ’ म्हटलं की सगळे काढून घेते. ‘सेट सीएल-स्किप’ने एकाआड एक रेषेला आकडा देता येतो, ‘सेट सीएल-ऑप्ट्स’ने त्याचा रंग, जाडी आणि आकार ठरतो. नव्या आवृत्तीत ‘मास्क्ड’ही आहे, त्याने आकड्याखालची रेषा पुसली जाते आणि आकडा मोकळा दिसतो. अभ्यासासाठी, चटकन बघण्यासाठी, हे सगळं छान आहे. पण आकडा ‘इथे’ ठेव असं बोट ठेवून सांगायची सोय मला हवी होती. शिवाय जाळीचा एक चौकोन आपल्या अक्षांशावर सव्वासातशे चौरस किलोमीटरच्या आसपास भरतो. अख्ख्या लातूर जिल्ह्याच्या वाट्याला जेमतेम दहा चौकोन. त्यावरून ६५ ची रेषा कोणत्या मंडळातून गेली हे सांगणं योग्य नव्हतं.

मग मंडळनिहाय पाऊस घेतला. तो कृषी विभागाच्या संकेतस्थळावर रोजचा रोज मिळतो, आणि मराठवाड्यात मंडळं चारशेहून जास्त आहेत. मंडळाच्या गावाचे अक्षांश-रेखांश मी आणि माझ्या विद्यार्थ्यांनी मिळून बसवले. हे कंटाळवाणं काम, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पुण्यात हवामानाच्या क्षेत्रात काम करणारा माझा एक माजी विद्यार्थी दिवाळीला गावी आला होता. तो म्हणाला, “मॅडम, आता पायथनवर या. मॅटप्लॉटलिबमध्ये आकडा हाताने ठेवता येतो.” त्याने मला पहिला नमुना लिहून दिला आणि पुढचं माझं मी करत गेले.

पायथन ही संगणकाची भाषा आणि मॅटप्लॉटलिब हा तिच्यातला आलेख-नकाशे काढायचा संच. त्यात रेषा काढणारी आज्ञा वेगळी आणि आकडे देणारी वेगळी. आकडे देणारीचं नाव ‘सी-लेबल’. ती आपणहून जागा निवडते तेव्हा तिचा नियम साधा असतो: रेषेचा जो तुकडा जास्तीत जास्त सरळ असेल, आणि ज्याच्याजवळ आधीच दुसरा आकडा नसेल, तिथे आकडा बसव. अक्षरं वळणावर वाकडीतिकडी दिसू नयेत म्हणून हे केलं आहे आणि कारण रास्त आहे. आमच्या कॉलेजातल्या संगणकावर जुनी आवृत्ती होती, तिथे ६५ ऐवजी ‘६५.०००’ असं उमटायचं. पर्जन्यमापक फार तर मिलिमीटरच्या दशांशापर्यंत मोजतो आणि नकाशा सहस्रांशाची भाषा करतो, हे मला पटेना. आकड्याचा साचा बदलून तो पूर्णांकात आणला. छोटीशी दुरुस्ती, पण या कामाला मी गंभीरपणे घ्यायला लागले ते इथून. आकडा कसा लिहिला आहे यावरून वाचणारा तो किती खरा मानायचा हे ठरवतो.

मराठवाड्याच्या सीमेवर आले आणि पुढची अडचण समोर उभी राहिली. रेषा फक्त आठ जिल्ह्यांच्या आतल्या आकड्यांवरून काढल्या तर सीमेजवळ त्या अर्धवट तुटतात आणि भलत्याच दिशेला वळतात. म्हणून शेजारच्या सोलापूर, अहमदनगर (आताचं अहिल्यानगर), बुलढाणा, यवतमाळ, तसंच पलीकडच्या बिदर आणि निजामाबादकडच्याही नोंदी घेऊन रेषा काढायच्या आणि मग मराठवाड्याच्या सीमेने चित्र कापायचं. असं केलं की रेषा सुंदर येतात. आकडे मात्र गायब होतात. कारण प्रणालीने सरळ तुकडा शोधला तो नेमका तेलंगणात, आणि चित्र कापताना आकडा त्या तुकड्यासोबत गेला. उदगीर-देगलूरकडची ९० ची रेषा मराठवाड्यात शिरली, फिरली आणि बाहेर पडली, पण तिच्यावर एकही आकडा उरला नाही.

बालाघाटच्या डोंगररांगेवर उलटा प्रकार. तिथे पाऊस थोड्या अंतरात झपकन बदलला होता, रेषा एकमेकींना खेटून होत्या, आणि प्रत्येकीचा आकडा शेजारणीच्या अंगावर चढला होता. तिसरी गोष्ट छोट्या वर्तुळांची. मंडळांच्या नोंदीवरून मधल्या जागेचा पाऊस काढताना जवळच्या मापकाला जास्त वजन आणि लांबच्याला कमी, असा हिशेब असतो. त्यामुळे एखाद्या मंडळात आजूबाजूपेक्षा वेगळा पाऊस झाला की त्याच्याभोवती बंद कडं तयार होतं. कडं लहान असेल तर त्यात आकडा मावत नाही, म्हणून प्रणाली तो देतच नाही. आणि नेमकं तिथेच वाचणाऱ्याला कळत नाही की आत पाऊस जास्त आहे का कमी. मोठं कडं असेल तर अंदाज येतो. लहान कडं आकड्याविना अगदी मुकं.

यावर उपाय शोधताना मी जुने हवामान नकाशे काढून बसले. समभार रेषा, म्हणजे हवेचा सारखा दाब दाखवणाऱ्या रेषा, हाताने काढायचे त्या काळातले. आपल्याकडे त्या दर २ हेक्टोपास्कलला काढतात, कारण आपल्या अक्षांशात हवेचा दाब उत्तरेकडच्या देशांइतका ठळक बदलत नाही. हाताने काढणाऱ्यांची शिस्त पाहण्यासारखी आहे. जी रेषा नकाशाच्या एका कडेने येऊन दुसऱ्या कडेने जाते, तिच्या दोन्ही टोकांना आकडा. जी रेषा बंद आहे, तिच्या उत्तरेच्या बाजूला थोडी मोकळी जागा सोडून त्यात आकडा. केंद्रात काय आहे ते अक्षराने लिहायचं. माणसाची नजर कुठून शिरते आणि कुठे थांबते, हे त्यांना ठाऊक होतं. मी ही शिस्त जशीच्या तशी उचलली. मराठवाड्यात शिरणाऱ्या रेषांना सीमेपाशी आत शिरताना एक आणि बाहेर पडताना एक आकडा. बंद कड्यांना उत्तरेला आकडा. जिथे तोही मावत नाही तिथे कड्याचा आकडा सोडून द्यायचा आणि मध्यभागी त्या मापकावर नोंदलेला पाऊसच लिहायचा.

इतकं करून तो नकाशा मी छापून विभागाच्या फळ्यावर लावला. निलंग्याकडचे एक काका मुलीच्या प्रवेशाच्या कामाने आले होते. ते नकाशापुढे बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, “मॅडम, ही पासष्टची रेघ आमच्या शिवारातून जायलीय का पल्याडून?”

मी जवळ जाऊन बघितलं. रेषा त्यांच्या गावाच्या अगदी अंगावरून जात होती. ६५ चा आकडा तिथून हाताच्या बोटभर अंतरावर, रेषेच्या एका सरळ तुकड्यावर, ठसठशीत. मी म्हटलं, “काका, जवळूनच जातेय.”

“जवळून म्हंजे कोणत्या अंगानं? आन् ह्या आकड्यापाशी कोणतं गाव हाय?”

आकड्यापाशी गावही नव्हतं आणि पर्जन्यमापकही नव्हता. तो तुकडा दोन मंडळांच्या बरोबर मधला होता. एका मापकावर ६५ च्या बराच खाली पाऊस, दुसऱ्यावर बराच वर. समजा, २० किलोमीटर अंतरावरच्या दोन मापकांवर ५० आणि ८० मिलिमीटर नोंद झाली, तर आजूबाजूला दुसरं काही नसताना संगणक ६५ ची रेषा बरोबर १० किलोमीटरवर काढतो. भागाकार म्हणून ते बरोबर आहे. पाऊस काही असा इमानदारीत उताराने कमी होत नाही. ढग एका वाडीवर कोसळतो आणि ओढ्यापलीकडे रस्ता कोरडा असतो, हे मराठवाड्यात कोणाला सांगायची गरज नाही. मापकांच्या मधल्या जागेत रेषा सरळ आणि नितळ येते, कारण तिथे तिला हलवणारी एकही नोंद नसते. आणि आकडे बसवणारा नियम म्हणतो, सरळ तुकडा शोध. म्हणजे नकाशावर आकडा सगळ्यात ठळक तिथे उमटत होता, जिथे त्या रेषेबद्दल आपल्याला सगळ्यात कमी माहिती आहे.

काका गेल्यावर मी मापकांचे ठिपके रेषांवर टाकून बघितले. अनेक आकड्यांच्या बाबतीत तेच होतं. तेव्हापासून माझा एक नियम ठरला, आणि तो मी आजही मोडत नाही: आकडा मापकाजवळ लिहायचा. रेषा जिथे नोंदीच्या आधाराने गेली आहे, तिथे तिला आकडा. ६५ ची रेषा ६३ किंवा ६८ नोंदलेल्या मापकाच्या जवळून जाते तो तुकडा भरवशाचा. दोन मापकांमधल्या लांब पोकळीतला तुकडा कितीही सरळ आणि देखणा असला तरी त्याला आकडा नाही. उलट तिथे रेषा तुटक काढायची. हवामानाच्या आणि भूगर्भाच्या नकाशांत अंदाजाची रेषा तुटक काढायची पद्धत जुनीच आहे.

हे अमलात आणायला मॅटप्लॉटलिबमध्ये ‘मॅन्युअल’ नावाची सोय आहे. ती चालू केली की चित्राच्या खिडकीत माउसने हवं तिथे टिचकी मारायची, जवळच्या रेषेवर आकडा बसतो. उजवी टिचकी मारली की शेवटचा आकडा निघतो, पण आकड्यासाठी रेषेत फट सोडायची नसेल तरच; मधल्या बटणाने काम संपतं. पहिल्यांदा हे करताना फार समाधान वाटलं. पण नकाशाचं रुंदी-उंचीचं प्रमाण बदललं किंवा नवीन नोंद आली की सगळ्या टिचक्या परत माराव्या लागतात. त्यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे जागांची यादी देणं. अक्षांश-रेखांशाच्या जोड्या लिहून ठेवायच्या, प्रणाली प्रत्येक जोडीच्या सगळ्यात जवळची रेषा शोधून तिच्यावर आकडा ठेवते. मापकांच्या जागा तर माझ्याकडे होत्याच.

इथे एक बारकावा आहे, तो सांगितलाच पाहिजे, कारण बालाघाटसारख्या दाटीच्या जागी तो फार त्रास देतो. ‘सगळ्यात जवळची रेषा’ ही तुमच्या मनातली रेषा असेलच असं नाही. तुम्हाला ६५ ला आकडा द्यायचा असतो आणि तुमच्या बिंदूजवळून ९० ची रेषा गेलेली असते, मग आकडा तिच्यावर बसतो. आकडा चुकीचा नसतो, पण ६५ ची रेषा तशीच मुकी राहते. म्हणून प्रत्येक पातळीसाठी आज्ञा वेगळी द्यायची: एकदा फक्त ६५ साठी तिची यादी, मग ११५ साठी तिची, मग २०५ साठी. दाटीच्या भागात १५, ३५ आणि ९० ला आकडाच द्यायचा नाही. त्या बारीक ठेवायच्या, ६५, ११५ आणि २०५ जाड. मोकळ्या भागात मात्र सगळ्यांना आकडा, तिथे जागा आहे आणि वाचणाऱ्याला दुसरा आधार नाही.

काकांचा दुसरा प्रश्न ‘कोणत्या अंगानं’ हा होता. रेषेच्या कोणत्या बाजूला पाऊस जास्त? स्थलदर्शक नकाशात आकड्याचा माथा चढाच्या दिशेला ठेवायची रीत आहे. पावसाच्या नकाशात ते जमत नाही, कारण अर्ध्या नकाशावर आकडे उलटे दिसतील. मी आकडे एका ओळीत आणले. एका ओळखीच्या रस्त्यालगत एकापुढे एक रेषा ओलांडत जाताना प्रत्येकीवर आकडा. लातूरहून अहमदपूर, लोहा करत नांदेडला जाणारा रस्ता धरला, तसाच लातूर-अंबाजोगाई-केज. लोक नकाशा दिशांनी वाचत नाहीत, एसटीच्या रस्त्याने वाचतात. बोट अहमदपूरवर ठेवतात, पुढे सरकवतात, आणि ३५, मग ६५, मग ९० असे आकडे एकामागून एक भेटत गेले की पाऊस कोणीकडे वाढला हे कोणी समजावून द्यावं लागत नाही. रस्त्यावरची बहुतेक मोठी गावं मंडळाची गावं असतात, तिथे मापक असतोच. त्यामुळे माझा पहिला नियम मोडावा लागला नाही.

आकडे देवनागरीत हवे होते. हा हट्टाचा भाग नाही. ज्यांच्यासाठी नकाशा करतेय ते सातबारा आणि पाटबंधाऱ्याची नोटीस देवनागरी आकड्यांत वाचतात. सी-लेबलला प्रत्येक पातळीसमोर कोणता मजकूर लिहायचा याचा कोश देता येतो. ६५ समोर देवनागरी ‘६५’, ११५ समोर ‘११५’. ठसा (फॉन्ट) नोटो सान्स देवनागरी घेतला आणि आकडे पहिल्याच फटक्यात नीट आले, कारण आकड्यांना काना-मात्रा नसते. पण त्यापुढे ‘मिमी’ लिहायला गेले तर ऱ्हस्व इकार म च्या आधी येण्याऐवजी नंतर येऊन बसला, आणि जोडाक्षरं असलेली गावांची नावं तर फुटलीच. माझ्याकडच्या आवृत्तीत देवनागरीची जुळवाजुळव होत नव्हती. म्हणून रेषांवर फक्त आकडे ठेवले. चित्र एसव्हीजी रूपात जतन केलं, त्यातला मजकूर मजकूरच राहील अशी सूचना देऊन, आणि शीर्षक, गावांची नावं, एकक हे सगळं इंकस्केप या चित्र काढायच्या प्रणालीत लिहिलं. तिथे देवनागरी बिनचूक दिसते. इंकस्केपमध्ये रेषेवरचा आकडाही माउसने ओढता येतो, पण तो मोह टाळावा. आकड्यासाठी रेषेत सोडलेली फट मूळ जागीच राहते, आणि आकडा सरकून शेजारच्या रेषेवर गेला तर नकाशा सरळ खोटं बोलतो.

बारीक ठशात देवनागरी १ आणि ९ सारखे दिसतात, हे छपाईनंतर कळतं. पडद्यावर ११५ स्पष्ट होता. कागदावर, हात लांब करून वाचणाऱ्याला, तो धूसर. आकड्यांचा आकार वाढवला, प्रत्येक आकड्याभोवती पांढरी कड दिली, त्यासाठी वेगळी सोय आहे, आणि ज्या रेषा उभ्या धावत होत्या त्यांच्यावरचे आकडे फिरवून आडवे केले. उभा आकडा वाचायला मान वाकडी करावी लागते. आडवा केला की रेषेतली फट त्याच्या मापाची राहत नाही, पण पांढऱ्या कडेमुळे ते खपून जातं. हंगामाच्या एकूण पावसाच्या नकाशात याची जास्त गरज पडते. मराठवाड्यात आष्टी-पाटोद्याकडे पर्जन्यछायेत पाऊस कमी, आणि किनवट-माहूरकडे जाताना तो वाढत हजार मिलिमीटरच्या घरात जातो. साहजिकच बऱ्याच रेषा उभ्याच येतात.

नवा नकाशा मोठ्या कागदावर छापला. त्यावर मंडळांच्या मापकांचे काळे ठिपके आहेत, आकडे त्यांच्या शेजारी आहेत, आणि पोकळीतल्या रेषा तुटक आहेत. हवामान शिकवताना मी आता वर्गात हाच नकाशा घेऊन जाते. पूर्वी विद्यार्थ्यांना रेषा वाचायला सांगायचे. आता आधी ठिपके शोधायला लावते, मग विचारते, ही रेषा कोणत्या ठिपक्याच्या भरवशावर इथून गेली? मुलं वाद घालतात. एक मुलगा तर चाकूरकडच्या एका तुटक रेषेवर अडून बसला की ती ओढ्याच्या अल्याडच असणार, कारण त्या रात्री त्यांच्या घरात पाणी शिरलं होतं आणि पलीकडच्या वाडीत शिरलं नव्हतं.

निलंग्याचे काका पुन्हा आले तेव्हा त्यांनी ठिपका शोधला, आकडा शोधला, मग स्वतःच्या गावावर बोट ठेवलं. “हा ठिपका आमच्यापास्नं लई लांब हाय की. मग आमच्या गावचा पाऊस कोणी मोजला?”

“तुमच्या गावात कोणीच मोजलेला नाही, काका. मंडळाच्या गावात जो झाला तोच धरलाय.”

“आन् ही रेघ?”

“ती हिशेबानं काढलीय. म्हणून तुटक आहे.”

ते बराच वेळ त्या तुटक रेषेकडे बघत राहिले आणि म्हणाले, “मग मोजायला काय लागतं?”

साधा पर्जन्यमापक लागतो, उघड्यावर, झाडापासून आणि भिंतीपासून दूर बसवलेला, आणि रोज सकाळी साडेआठला न चुकता पाणी मोजणारं माणूस. पुढच्या पावसाळ्यापासून आमच्या काही विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी ते सुरू केलं, काकांच्या मुलीनेही. त्या नोंदी मी नकाशावर पोकळ ठिपक्यांनी दाखवते. रेषा काढताना त्या अजून धरत नाही. मंडळाच्या मापकाशेजारी ठेवून हंगामभर ताडून पाहिल्याशिवाय तसं करणं बरोबर नाही, आणि पाणी मोजायची वेळ सगळ्यांची अजून एकसारखी झालेली नाही. ताळा जमला की ठिपका भरायचा, रेषा अखंड करायची आणि आकडा तिथे आणायचा, असं आम्ही ठरवलं आहे. औसा आणि निलंगा तालुक्यांतल्या काही ठिपक्यांचा ताळा जमत आला आहे.